उंबऱ्यातलं अंथरूण

साडेआठला पिंड ठेवला, साडेनऊ वाजून गेले, तरी कावळा शिवेना. रिह्याच्या नदीवर तीनएकशे माणूस जमलेलं. त्यातल्या दोनशे नव्व्याण्णव जणांना भिकूतात्यांचा जीव कशात अडकलाय ते पक्कं ठाऊक होतं. दहाव्याला उगाच तोंड उघडू नये म्हणून कुणी बोलत नव्हतं. नुसते सगळे चंद्रकांतकडं बघत होते.

चंद्रकांत म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा. वय त्रेचाळीस. सकाळीच न्हाव्यानं डोकं तासलेलं, कमरेला ओलं धोतर, आणि तो पिंडापुढं मांडी घालून बसलेला. बसलेला म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. खरं तर त्याला बसवला होता. गेले दहा दिवस त्याला जिथं न्यावं तिथं तो जात होता, ठेवावा तसा राहत होता. खांदा दे म्हटलं, दिला. मडकं फोड म्हटलं, फोडलं. रडायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तेवढं राहिलं होतं.

हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारा म्हणायचा, जन्माचाच मुखदुर्बळ असेल. पिरंगुटच्या एका कंपनीत तो एकोणीस वर्षं क्वालिटीत होता. मोटारीच्या ब्रेकमध्ये बसणारा बोटभर लांबीचा एक तुकडा असतो. तो हातात घ्यायचा, मापात घालून बघायचा, बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत. एकोणीस वर्षं. कुणाचं तोंड बघितलं नाही, कुणाच्या वशिल्याचा तुकडा हिरव्यात टाकला नाही. आणि मग गेल्या गणपतीत कंपनीनं मशिनी ट्रकात घातल्या आणि दुसऱ्या राज्यात नेल्या. माणसं नेली नाहीत. माणसं तिकडंही मिळतात.

दोन महिने चंद्रकांत हिंडला. चाकणला गेला, हिंजवडीच्या बाजूला गेला. जिथं तिथं आधी वय विचारायचे आणि मग चहा. चहा चांगला असायचा. तिसऱ्या महिन्यात त्यानं दाढी सोडली आणि चौथ्यात अंथरूण सोडायचं सोडलं. दुःख झालं होतं म्हणावं तर तसंही नाही, आणि हेच लोकांना पटत नव्हतं. दुःख झालं असतं तर रडता तरी आलं असतं. त्याला काहीच होत नव्हतं. उठून चप्पल घालायची म्हटली तर आधी कुठल्या पायात, इथून विचार सुरू व्हायचा, आणि तो संपेस्तोवर दुपार व्हायची.

गावानं आपल्या परीनं औषधं सुचवली. एकानं अंडी सांगितली. एकानं कुणी तरी काही तरी केलंय म्हणून सांगितलं आणि ते उतरवणाऱ्याचा नंबरही दिला. बाकीच्यांनी, नोकरी लागली की आपोआप उठंल, एवढंच सांगितलं. नोकरी कुठं आहे, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आता ती एक दुपार सांगितली पाहिजे, कारण ती तात्या आणि चंद्रकांत सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. पौष महिना होता. बायको उषा फार्महाऊसवर स्वयंपाकाला गेलेली, पोरगी अपेक्षा पौडला कॉलेजात. चंद्रकांत उठला, कुठली चप्पल कुठल्या पायात याचा अजिबात विचार न करता ती घातली, आणि नदीच्या पुलावर जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. मग शेजारी एक कोपर येऊन टेकलं. तात्या होते. चुळबूळ नाही, आरडाओरडा नाही. म्हातारा लेकाशेजारी उभा राहून पाणी बघायला लागला.

"औंदा पाणी लवकर उतरलं," तात्या म्हणाले.

मग त्यांनी कठड्यावरचा हात उचलून लेकाच्या पाठीवर ठेवला.

"चल. च्या निवतोय."

चंद्रकांत गेला. घरी चहा ठेवलेलासुद्धा नव्हता. तात्यांनीच मग चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याला एसटीत घातला आणि कोथरूडला डोक्याच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं तासभर ऐकून घेतलं. हा आजार आहे, आळस नाही, असं सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या.

"पथ्य काय?" तात्यांनी विचारलं.

"पथ्य असं काही नाही, आजोबा. गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज सकाळी उठवून थोडं उन्हात बसवायचं. आणि यांना एकटं सोडायचं नाही."

तात्यांनी तिन्ही गोष्टी बोटांवर मोजून घेतल्या आणि त्या रात्रीपासून पथ्य सुरू केलं. आपलं अंथरूण उचललं आणि दाराच्या उंबऱ्यात आडवं टाकलं. रत्नाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे काय म्हणून विचारलं. "आत गदमदतंय," म्हणाले. पौषात गदमदणारा रिह्यातला हा पहिलाच माणूस. रत्नाबाईनं पुढं काही विचारलं नाही.

झालं, चंद्रकांतला अपरात्री बाहेर जायचं तर बापाला ओलांडूनच जावं लागे. तो पाय उचलायचा, आणि अंधारातून आवाज यायचा.

"कुटं?"

"लघवीला."

"ये मग."

परत येऊन आडवा होईस्तोवर तात्या उंबऱ्यात बसून असायचे. सकाळी उठवायचे, गोळी हातावर ठेवायचे, ओट्यावर उन्हात बसवायचे, आणि शेजारी बसून कावळ्यांना भाकरी टाकायचे. ही त्यांची जुनी खोड. चार महिने हे असं चाललं. दिसण्यासारखा फरक असा काही पडला नव्हता. एकदा चंद्रकांतनं आपणहून भाकरीचा तुकडा मोडून कावळ्याला टाकला होता, एवढाच. तात्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

आणि दहा दिवसांपूर्वी, वैशाखातल्या सकाळी, तात्या भाकरी टाकून भिंतीला टेकले ते उठलेच नाहीत.

घरात माणसं भरली, सुतक आलं. गोळीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, कारण ते खातं तात्यांचं होतं. पाहुणे आत-बाहेर कुठंही झोपायचे, पण उंबऱ्यात कोण झोपेल? दहा रात्री उंबरा मोकळा होता. हे एकटा चंद्रकांत जाणून होता आणि त्याला त्याची भीती वाटत होती. उघड, साधी भीती. ती सांगायची तर पूल सांगावा लागला असता.

तर, घाट. तात्यांच्या दहाव्याला काही कमी पडू द्यायचं नाही, असं जावयानं ठरवलं होतं. तात्यांच्या लेकीचा, शुभांगीचा, नवरा शंभू, मुठे गावचा. त्यानं प्रवचनकार आणला, दोन कर्णे लावले, आणि पिंड ठेवायच्या जागेच्या बरोब्बर मागं दोन बांबूंमध्ये तात्यांचा दहा फूट रुंद फ्लेक्स ताणला. तात्या आयुष्यात एकदाच हसताना फोटोत सापडले होते, तो फोटो. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याखाली शंभूचा फोटो, जरा लहान.

सूत्रसंचालनाला ओम होता. पंचक्रोशीत बैलगाड्यांची शर्यत असो, वाढदिवस असो, दहावा असो, माईक ओमच्याच हातात. आवाज तिन्हीकडं एकच.

"कावळा आलेला आहे," ओमनं सांगितलं. "कावळा जांभळीवर बसलेला आहे. सर्वांनी शांतता राखावी. कावळा... कावळा पलीकडच्या फांदीवर गेलेला आहे."

हे असं तासभर चाललं होतं. शेवटी एक म्हातारा बोललाच, "जल्मभर कावळ्यास्नी घास घातला तात्यानं, आन् त्याच्याच पिंडाला शिवंनात. काय तरी राह्यलंय मागं."

मग जी रांग लागली ती बघण्यासारखी होती. पहिला शंभू आला. पिंडापुढं हात जोडले.

"मामा, तुमचा जीव चंदूत अडकलाय, मला ठावं हाय. माझ्या वळखी हायेत. म्हयन्याभरात चंदूला कंपनीत चिकटवतो. तुमी निवांत जावा."

सगळ्यांनी जांभळीकडं बघितलं. कावळ्यानं पंख चोचीनं साफ केला.

चंद्रकांतनं ऐकलं. शंभूदाजींच्या ओळखी तो वर्षानुवर्षं ऐकत होता. आणि कंपनीतली एकोणीस वर्षांची सवय जात नाही. मनातल्या मनात त्यानं ते वाक्य लाल पेटीत टाकलं.

मग राजूशेठ आले. हे जमिनीच्या व्यवहारातले, गळ्यात सोनं, आवाज मोठा, त्यांना माईकची गरज नव्हती, पण त्यांनी घेतला. "तात्या, तुमचा पोरगा तो माझा भाऊ. माझ्या साईटवर सुपरवायझर म्हणून घेतला असं समजा. आजपासनं." टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून वाजल्या नाहीत. कावळा उडाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि तो आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. लाल पेटी.

त्यानंतर एका पुढाऱ्याच्या माणसानं निवडणुकीनंतर नक्की बघतो म्हणून सांगितलं. एका चुलतभावानं टेम्पो घेऊन देतो म्हटलं. त्याच्याकडं स्वतःची सायकल नव्हती. नोकरीसाठी दोन महिने हिंडून चंद्रकांतला जेवढ्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत तेवढ्या अर्ध्या तासात मिळाल्या. प्रत्येक नोकरीबरोबर तो आणखी खाली बघत गेला. तीनशे माणसांपुढं त्याची बेकारी वाळत घातली होती आणि तो धोतर सावरण्यापलीकडं काही करू शकत नव्हता.

मग अपेक्षा उठली. सतरा वर्षांची पोर. हात जोडले नाहीत तिनं, ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. "तात्या, मी शिकून जॉब करीन. पप्पांना काही नाही करावं लागणार."

हे वाक्य लाल पेटीत टाकता येईना. हिरव्यातही टाकता येईना. ते छातीत कुठंतरी तसंच राहिलं आणि टोचायला लागलं.

उषा नुसती म्हणाली, "मी हाय." कावळा हलला नाही.

कुणीतरी रत्नाबाईला म्हणालं, म्हातारे, तू तरी काय बोल. रत्नाबाई पदर आवळून म्हणाली, "माजं त्येंचं बोलून झालंय."

भटजींनी घड्याळ बघितलं. अकराला त्यांना मुठ्यात दुसरा दहावा होता. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा कावळा आला नाही की दर्भाचा करून पिंडाला लावतात, शास्त्रात सोय आहे. पण सोय आहे म्हणजे शोभा आहे असं नाही. बायकांच्यात कुजबुज झाली. शुभांगी रडायला लागली. भिकूतात्याला गवताचा कावळा, हे गावात वीस वर्षं बोललं गेलं असतं, आणि कुणामुळं तेही.

"एक मिनिट गुरुजी," ओम म्हणाला, "चिरंजीवांचे दोन शब्द राहिलेत," आणि त्यानं माईक चंद्रकांतच्या तोंडापुढं धरला.

सहा महिन्यांत चंद्रकांतनं दोन शब्द सलग उच्चारले असतील तर ते 'लघवीला' आणि 'नको' हे होते. तो माईककडं बघत राहिला. नोकरी लागंल म्हणून सांग, शंभू मागून हळूच म्हणाला. म्हणून टाक एकदा.

"तात्या," चंद्रकांत म्हणाला. कर्णा कुईं करून ओरडला. तो थांबला. कर्णा थांबला.

"मला नोकरी लागंल असं मी सांगनार न्हाई. ते माज्या हातात न्हाई. आन् तुमचा जीव त्याच्यात न्हाईच."

शंभूनं कपाळाला हात लावला.

"तुमचा जीव कशात हाय ते मला ठावं हाय. मी पुलावर जानार न्हाई, तात्या." इथं त्याचा आवाज फाटला, पण त्यानं वाक्य सोडलं नाही. "जावंसं वाटनारच न्हाई असं न्हाई. ते मला सांगता येत न्हाई. पन वाटलं तर घरात कुनाला तरी उठवंन. आदी सांगंन. धा दिवस गोळी घेतली न्हाई, ती आजपासनं घेतो. सकाळी उठंन. किती वाजता ते सांगत न्हाई."

  कसला पूल, असं विचारायची गरज कुणाला पडली नाही. पूल तिथूनच दिसत होता. उषानं तोंडावर हात ठेवला तो काढला नाही. अपेक्षा बापाकडं असं बघत होती की जणू तो आत्ता कुठून तरी परत आलाय. चंद्रकांतला लाज वाटत होती, लई लाज, आणि त्याच्याबरोबरच पाठीवरचं पोतं खाली ठेवल्यासारखं हलकंही वाटत होतं. रडू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आलं, ते त्यानं येऊ दिलं.

आता ही गोष्ट मी घरी बसून रचली असती तर कावळा या वाक्याला खाली आला असता. आला नाही. जांभळीवर बसून राहिला. 

आणि चंद्रकांत भडकला.

बारीकसा नाही, चांगला भडकला. इतका वेळ एकेकानं खोटा माल आणून ठेवला, तो परत गेला, ते बरोबरच होतं. पण हा तुकडा त्यानं स्वतः मापात घालून बघितला होता. हा बसत होता. मग परत का? कंपनीत माल परत आला की साहेब फळ्यापुढं उभं करायचे आणि पाच वेळा 'का' विचारायला लावायचे. डोळे पुसत त्यानं विचारायला सुरुवात केली. कावळा का येत न्हाई? भितोय. का भितोय? माणसांना? घरी ओट्यावर दहा माणसं असली तरी पायाशी येतो. हा कावळा निराळा हाय? न्हाई, कावळे गावातलेच. मग घरी नसलेलं असं हितं काय हाय?

तेवढ्यात वारा आला. मागं फडाड करून आवाज झाला आणि जांभळीवरचा कावळा दचकून वरच्या फांदीवर गेला.

चंद्रकांतनं मान वळवली. दहा फुटी तात्या हसत होते आणि वाऱ्यानं त्यांचे गाल फुगत होते. भात पिकात आलं की पाखरं हाकलायला खाचरात प्लास्टिकचा कागद ताणून बांधायला त्याला ह्याच तात्यांनी शिकवलं होतं. वारा लागला पाहिजे, आवाज झाला पाहिजे, आणि चमकलं पाहिजे. तिन्ही गोष्टी होत्या. जावयानं खर्च करून सासऱ्याच्या पिंडावर सासऱ्याचंच बुजगावणं उभं केलं होतं.

तो उठला.

"अहो, उठू नका, विधी चालू आहे," भटजी म्हणाले.

तो ओल्या धोतरानं चालत बांबूपाशी गेला आणि सुतळीची गाठ सोडायला लागला.  शंभू धावला, "चंदू, आरं मामांचा फोटो हाय तो, डोकं फिरलं काय..." आणि पुढचा शब्द त्यानं गिळला, कारण आता तो शब्द जपून वापरायला लागणार होता. पलीकडच्या बांबूपाशी पौडचा फारूक उभा होता. फ्लेक्सचं दुकान त्याचंच, चंद्रकांतबरोबर शाळेत होता. त्यानं चंद्रकांतकडं बघितलं, जांभळीकडं बघितलं, आपण छापलेल्या मालाकडं बघितलं आणि काही न विचारता दुसरी गाठ दातानं सोडली. दोघांनी मिळून तात्यांची गुंडाळी केली आणि आडवी ठेवली.

"कर्णा बंद कर," चंद्रकांत ओमला म्हणाला. ओमनं केला.

माणसं चार पावलं मागं सरली. मिनिटभर गेलं असेल नसेल. कावळा खाली आला, तिरका तिरका उड्या मारत पिंडापाशी गेला, भाताचा घास उचलला आणि तिथंच उभा राहून खाल्ला. मागून आणखी तीन आले. ओमचा कर्णा बंद असल्यामुळं हे कुणी जाहीर केलं नाही.

कावळा कशानं आला यावर गावात आजही मतं आहेत. शंभू म्हणतो, त्याच्या शब्दावर आला, फक्त उशिरा. भटजी म्हणाले, दर्भाचा बघून खऱ्याला लाज वाटली. बायका म्हणतात, पोरगं खरं बोललं म्हणून आला, आणि फ्लेक्स हे निमित्त. चंद्रकांतला कुणी विचारलं तर तो वारा आणि आवाज एवढंच सांगतो. पण पिंडापुढं जे बोललो ते कावळ्याला बोललो नव्हतो, हेही त्याला ठाऊक आहे.

माणसं नमस्कार करून जायला लागली. फारूक गुंडाळी उचलत म्हणाला, "याला भोकं पाडून द्यायला पाहिजे होती रे. वारा निघून गेला असता."

"कोपऱ्यात न्हाई, मधी पाडायची. अर्धगोल," चंद्रकांत म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"शनिवारी दुकानावर ये. दाखव. पगार न्हाई, च्या हाय."

शेवटी राजूशेठ राहिले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "चंदू, सुपरवायझरचं मनावर घेऊ नको. साईटच न्हाई माज्याकडं सध्या." गळ्यातलं सोनं त्यांनी उगाच सारखं केलं. "त्या पुलावर मी बी उभा व्हतो. लई वर्सं झाली. उजव्या बाजूला."

"मी डाव्या," चंद्रकांत म्हणाला.

"मला न्यायाला कुनी आलं न्हवतं. म्हस आडवी आली येक, पार कठड्याला चेपला मला तिनं. तिला हाकलता हाकलता घरी आलो." राजूशेठ हसले नाहीत. त्यांनी चंद्रकांतच्या तासलेल्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि गाडीत जाऊन बसले.

घरी गेल्यावर गोळ्यांचं पाकीट अपेक्षानं शोधून काढलं. तात्यांच्या कोपरीच्या खिशात होतं. तिनं एक गोळी बापाच्या हातावर ठेवली आणि तो गिळेपर्यंत उभी राहिली.  पाहुणे गेले, दिवस मावळला, चंद्रकांत आतल्या खोलीत आडवा झाला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला सरळ झोप लागली.

जाग आली तेव्हा पावणेसहा झाले होते. उठंन म्हणून तीनशे माणसांसमक्ष सांगून बसलेला माणूस. तो उठून खाटेच्या कडेवर बसला. पुढचं काही सोपं नव्हतं आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. चाळीस मिनिटं तो तसाच बसून होता. कशाला उठायचं, हा प्रश्न शेजारी येऊन बसला होता, रोजच्यासारखाच, आणि त्याला उत्तर देण्याजोगं काही हाताशी नव्हतं. शनिवार होता एक, तोही दोन दिवसांवर. पण तो बोलून चुकला होता. आणि बाहेर कावळे ओरडायला लागले होते, त्यांना तात्या गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. चंद्रकांतनं डावी चप्पल डाव्या पायात घातली. मग उजवी.

तो दारापाशी आला आणि थांबला.

उंबऱ्यात तात्यांचं अंथरूण पसरलेलं होतं. त्यावर आडवी रत्नाबाई. तिच्या पाठीला पाठ लावून उषा. उषाच्या अलीकडं अपेक्षा, उशाला मोबाईल, पाय भिंतीला दुमडून. दारात पाय ठेवायला वीतभर जागा नव्हती. तिघी गाढ झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

त्यानं चौकट धरली आणि हळूच पाय उचलला.

"कुटं?" रत्नाबाई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

त्याचा पाय तसाच राहिला. हाच शब्द, असाच, अर्धा झोपेतला वाटावा असा. म्हणजे चार महिने तात्या उंबऱ्यात जागे होते तेव्हा म्हातारीही आत जागीच होती. सगळं ऐकत होती, रोज.

"कावळ्यास्नी भाकरी टाकाया," तो म्हणाला.

"रातची शिळी हाय टोपल्यात. तीच टाक."

"व्हय."

रत्नाबाईनं पाय पोटाशी घेतले. उषा डोळे न उघडता जरा सरकली. अपेक्षानं मोबाईल उचलून छातीवर ठेवला. मधे एका पावलाची जागा झाली, तिच्यात पाय ठेवून तो उंबरा ओलांडून ओट्यावर आला.

"ये मग," आई आतून म्हणाली.